तिसरी प्रत

युद्ध चौदा दिवस चाललं.
रामबागेतल्या आमच्या खिडक्यांना मी काळा कागद चिकटवला,
तो फेब्रुवारीपर्यंत तसाच राहिला,
काढा असं कुणी सांगितलं नव्हतं म्हणून.

रानीपुऱ्यातल्या मुस्तनसिर घडियालींबद्दलही
काढा असं कुणी सांगितलं नव्हतं.

मी कलेक्टर कचेरीत टंकलेखिका.
स्थानबद्धतेची कारणं, एकूण पाच, इंग्रजीत.
त्याला येत होती गुजराती, आणि बाजारापुरती हिंदी.
पहिली प्रत भोपाळला, दुसरी तुरुंगाला,
तिसरी ज्याची त्याला.
कार्बन जुना. तिसऱ्या कागदावर
'सिक्युरिटी' तेवढं ठळक उमटलं
(ते मी जोरात बडवलं असणार),
बाकी ओळी ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारख्या.

कारण क्रमांक तीन:
दुकानात एक रेडिओ, पाठ उघडी, नळ्या बाहेर काढलेल्या,
परवाना आढळला नाही,
उजव्या अंगाला उदबत्तीनं जळाल्याची खूण.

ती उदबत्ती मी लावली होती.
त्या वर्षी कोनाडा ओला होता, गणपती रेडिओवर बसवला होता.
दादांनी दिवाळीनंतर सेट दुरुस्तीला टाकला.
परवान्याचं पुस्तक घरी, कपाटात,
धोब्याच्या हिशेबाच्या वहीखाली.

साहेब म्हणाले, थांबलात का?
मी म्हटलं, रिबन अडकली.

आढावा मंडळ रेसिडेन्सीच्या एका खोलीत बसलं.
तीन खुर्च्या, एक स्टूल,
लघुलिपीसाठी मला कोपऱ्यातलं टेबल.
वकील चालणार नाही, हे आधीच सांगितलं.
जे सांगणं लोकहिताचं नाही ते सांगणार नाही, हेही.

सेट कोणाचा?
नाव चोपडीत आहे साहेब.
चोपडी?
ती आपल्याकडेच आहे. पहिल्या दिवशीच नेली.
तोंडी सांगा.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.
हे मला इथं लिहायचंय. बघितलं नाही.
ओळखत होता. दादांबरोबर मी दोनदा गेले होते दुकानात,
दुसऱ्यांदा त्यानं एक नळी उन्हात धरून दाखवली होती,
आतली केसाएवढी तार तुटलेली.

याद नहीं, म्हणाला.

लघुलिपीत त्याला एक छोटी आकडी पुरते.
पेन्सिल कागदावरून उचलावीही लागत नाही.

मंडळाचं मत पडलं, पुरेसं कारण आहे.
तेही मीच टाइप केलं. नवा कार्बन मागून घेतला.
एवढंच केलं.

मग आंबर्डेकर वकिलांनी हायकोर्टात अर्ज लावला.
देहोपस्थितीचा.
शब्द बघा. खरं काय, खोटं काय, राहू द्या,
देह आणून दाखवा.
देह आणला. कॉलर दोन बोटं सैल झाली होती.
पावसाळा निम्मा सरला होता तेव्हा.
न्यायमूर्तींनी विचारलं,
या माणसाचं निवेदन अठ्ठावीस दिवस कुठं पडलं होतं?
सरकारी वकील म्हणाले, भोपाळला.
मग म्हणाले, टपालात.
मग म्हणाले, मध्ये होळी आली.

अठ्ठावीस दिवसांचा खुलासा नाही, म्हणून मोकळा.
रेडिओबद्दल निकालात अक्षर नाही.
मी दोनदा वाचला.

मला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं, हे खरं.
जिना एकच होता, हेही खरं.
वर मंडळ, खाली मी पाणी प्यायला थांबलेली,
पेला भरलेला, नळ चालू.

भाद्रपदात सायकलच्या कॅरिअरला बांधून
तो रेडिओ घेऊन घरी आला.
मालखान्याची चिठ्ठी अजून पाठीला चिकटलेली.
लावून दाखवला. वाजला.
दादा म्हणाले, बसा.
तो बसला नाही. बिल काढलं,
तारीख दोन डिसेंबरची, सात रुपये.
दादांनी दहाची नोट पुढे केली, राहू द्या म्हणाले.
त्यानं तीन रुपये परत केले.
सुट्टे नव्हते, तर कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून
मोडून आणून.