तोंड उघडणं

देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या आतल्या गल्लीत
न्युक-यिनचं पार्लर. दोन खुर्च्या, एक आरसा,
आरशाच्या कोपऱ्यात खोचलेला आजोबांचा फोटो.
तोफखान्यातल्या साहेबांचे बूट शिवायचे ते.
शाळेत मास्तरांना तिचं नाव लिहिता येईना,
त्यांनी दाखल्यावर नूतन लिहून टाकलं.
गल्लीत तेच चाललं. मीही तेच म्हणायचे.

दर दुसऱ्या शनिवारी, पोस्ट सुटलं की
मी तिच्या खुर्चीत मान मागे टाकून बसायचे.
ती दोऱ्याचं टोक दातात धरायची
आणि माझ्या भुवया रेषेत आणायची.
दोरा दातात असला की तिला बोलता येत नसे.
मला डोळे उघडता येत नसत.
अकरा वर्षं आमची मैत्री ती अशी.

एकदा दोरा बदलताना म्हणाली,
आमच्यात लग्नाआधी नवरीच्या चेहऱ्यावरची लव
अशीच दोऱ्यानं काढतात.
त्याला म्हणतात चेहरा उघडणं.
माझा मावशीनं उघडला. फार दुखलं.
मावशी म्हणाली, होते सवय.
मी म्हटलं, आमच्यात तर नवरीनं
तोंड उघडलेलंच चालत नाही, बाई!
तीही हसली. दोरा तुटला.

ती वरच्या मजल्यावर, मी खाली.
वर काही आदळलं की दुसऱ्या दिवशी जिन्यात
मी विचारायच्या आधीच सांगायची,
काल तोफांचा सराव जोरात होता, नाही?
कॅम्पात हे कुणालाही पटतं.
आमच्या कपाटातल्या बश्या जन्मापासून थरथरतात,
पाहुणे दचकतात, आम्ही चहा ओततो.
बाहीखालचं काळंनिळं म्हणजे खुर्ची लागली.
सुजलेला गाल म्हणजे दाढ.
आणि फुक-सेन भला माणूस, जिन्यात वाकून नमस्कार करणारा.
माझा सिलिंडर एकदा त्यानंच आत आणून दिला.

मग एका दुपारी मी मेथी निवडत होते.
वर तीनदा आदळलं,
चौथ्यांदा आवाज आला तो वस्तूचा नव्हता.
रविवार होता.
रविवारी तोफा नसतात.
हे मला अकरा वर्षं माहीत होतं.

वर गेले, हातात मेथीची काडी तशीच.
दार त्यानं उघडलं. नमस्कार केला.

ठाण्यात चल म्हटलं
तर ती फोटोकडे बघत बसली.
बासष्टनंतर आजोबा दर सोमवारी
तिथे जाऊन सही करून यायचे,
मी इथेच आहे, कुठे गेलो नाही, एवढं सांगायला.
ज्यांचे बूट शिवले ते रस्त्यात ओळख देईनात.
जाताना मुलांना बजावून गेले म्हणे,
त्या पायरीवर आपण होऊन पाय ठेवायचा नाही.
आणि आईनं शिकवलेलं, घरची लाज घराबाहेर नेऊ नये.
हे शेवटचं मला भाषांतराशिवाय कळलं.
आमच्याकडची मूठ सव्वा लाखाची असते.

नऊ दिवस ती काहीच बोलली नाही.
दहाव्या दिवशी शटर अर्धं ओढून
माझ्या खिडकीशी आली. चला, म्हणाली, कुंदाताई.
सोमवार होता, माझ्या नंतर लक्षात आलं.

हवालदार म्हणाला, मणिपूरच्या का?
कॅम्पच्या.
पूर्ण नाव?
तिनं सांगितलं. तो पेन धरून थांबला.
मी मध्येच बोलले, नूतन लिहा ना.
तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
न ला य जोडा, म्हणाली. पहिला उकार. मग क.
त्यानं दोनदा खोडलं.
तिसऱ्यांदा जमलं.

तिच्या भुवया कित्येक दिवसांत कुणी केल्या नव्हत्या.
जगाच्या करणारीच्या कोण करणार?

कधीपासून, त्यानं विचारलं.
ती सांगू लागली, तेवढ्यात तोफा सुरू झाल्या.
खिडकीची काच हलली, टेबलावरचा ग्लास हलला.
काय म्हणालात? ऐकू नाही आलं.
तिनं परत पहिल्यापासून सांगितलं,
जरा मोठ्यानं.