नऊ नंबरचं कपाट

बिऱ्हाड हलवायचं
तर आधी घरात काय काय आहे ते मोजावं.
झिंत्रानं सप्टेंबरातच मोजायला घेतलं:
रीगातल्या जुन्या इस्पितळाचं तळघर,
अकरा कपाटं, एकशे चौतीस यंत्रं,
आणि तारा.
तारा तिनं मोजल्या नाहीत, त्यांची बारशी केली,
दोन्ही टोकांना एकच नाव,
म्हणजे नदीपलीकडे गेल्यावर
टोकाला टोक ओळखेल.

रायतिस हसायचा.
चोवीस वर्षांचा, दोन बॅगांत तीन शहरं बदललेला.
तिनं त्याच्या हातात वही दिली.
प्रत्येक यंत्रापुढे एकच रकाना:
हे बंद पडलं तर कोण रडेल?

रक्तपेढीचं: तिसरा मजला, लगेच.
क्ष-किरणांच्या तसबिरींचं: दोन डॉक्टर, पैकी एक मोठ्यानं.
पगाराचं: सगळेच, पण महिनाअखेरीला.
नऊ नंबरच्या कपाटात, अगदी तळाशी,
एक करडं खोकं. चिठ्ठी नाही.
चौदा वर्षं एकदाही न विझलेलं.
ज्यानं ते बसवलं तो वाल्फ्रिड्स
आता आयर्लंडात अळंबी खुडतो
आणि फोन उचलत नाही.

"उपटून बघू," रायतिस म्हणाला, "कोण ओरडतं ते."
झिंत्रानं त्या रकान्यात लिहिलं: माहीत नाही.
मग खाली दोन रेघा ओढल्या.

जानेवारी. शनिवार. उणे चौदा.
दोन रंगीत तालमी झालेल्या. दुसऱ्या तालमीत
ट्रकची किल्लीच सापडली नाही, म्हणून तिसरीही.
रक्तपेढी रात्रीपुरती उसन्या यंत्रावर.
पहाटे पाच दहापर्यंत जमलं नाही
तर सगळं उलट्या क्रमानं माघारी.
हे तिनं लाल शाईनं लिहिलं होतं, आणि
कुणाला विचारायचं नाही, हेही.

सात वाजता एकेक दिवा विझत गेला.
सात बाराला शेवटचा.
घोंघावणं थांबलं तशी
वरची सफाईवाली जिन्यात येऊन उभी राहिली,
हातात बादली,
काहीच न बोलता परत गेली.

पुलावर ट्रक वीसच्या वेगानं.
खाली दौगावा गोठलेली,
बर्फाला पाडलेल्या एका भोकापाशी
कुणीतरी कंदील घेऊन गळ टाकून बसलेलं.
नऊ नंबरचं कपाट शेवटच्या फेरीत,
झिंत्रा मागे, त्याला टेकून.

नवी इमारत ऊबदार.
रायतिसनं प्लग उचलला.
"ठेव खाली."
गारठ्यातून आत आलेल्या लोखंडाला
घाम फुटतो, आतून.
दारात आलेल्याला लगेच कामाला जुंपू नये,
आधी बसू द्यावं.
मग सगळेच बसले, चार तास,
काळा पाव, डब्यातले धुरावलेले मासे,
थर्मासातला चहा आणि आचके देत घोरणारा ड्रायव्हर.

तीन चाळीसला पहिला हिरवा दिवा लागला.
चार वाजून वीस मिनिटांनी फोन.
इस्पितळातून, स्कायद्रीते, प्रसूतीकक्ष.
"भिंतीवरची सगळी घड्याळं
सात बारावर अडकलीत.
मोबाईल कपाटात ठेवलाय, हात भरलेले आहेत.
आत्ता जन्माची वेळ काय लिहू?"
तिच्या मागे कुणीतरी
नवाकोरा गळा फाडून रडत होतं.

झिंत्रानं मनगट दिव्याखाली धरलं.
"चार एकवीस," ती म्हणाली.
मग, "थांब. वीस. वीसच लिही."

करडं खोकं पाच वाजून दोन मिनिटांनी जागं झालं.
नदीपलीकडे काटे गरगरत पुढे आले असतील,
रिकाम्या बोळांतून, कुणी न बघता.
तिनं एक चिठ्ठी फाडली, लिहिलं: घड्याळं.
चिकटवली. नखानं कडा दाबल्या.

रायतिस वही घेऊन उभा होता,
रकान्यावर पेन टेकवून.
"मुलगा की मुलगी?"
झिंत्रानं आठवून पाहिलं.
"ते विचारायचं राहिलं."