स्वयंपाकघराच्या भिंतीत दोन विटा कमी

खापरडोहात बावीस घरकुलं बांधली मी.
समोरच्या खोलीला जाळीची खिडकी,
रस्त्यावरून दिसेल अशी, हिरव्या ऑइलपेंटची.
मागे स्वयंपाकघर. तिथेही खिडकी होती,
नकाशात.
चौकटीचे अठराशे वाचले की घरमालक खूश,
एक दिवस वाचला की मीही.

माघात कवतिकाबाई वाढवेंचा निरोप आला:
"छिन्नी घेऊन ये. एक वीट काढाची हाय."
मला वाटलं, वीट फुटली असेल.

समोरच्या खोलीत कापूस.
फरशीपासून स्लॅबपर्यंत, गच्च,
मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ.
भाव चढेपर्यंत तो घरात
आणि घरची माणसं ओसरीत.
नात मोनी दंड खाजवत बसलेली.
माळ्यावर फवारणीच्या औषधाचे अर्धे डबे,
त्यांचा वास खालच्या पिठाला.

मग स्वयंपाकघर. चूल. पऱ्हाटी.
सिलिंडरही होता, रिकामा,
त्यावर विणलेला रुमाल, रुमालावर टेबलफॅन.
पंखा धूर घालवत नव्हता,
नुसता फिरवत होता.

हिच्या हातचे शंभर चहा प्यालो असेन मी,
सगळे ओसरीत.
आत उभा राहिलो पहिल्यांदा,
एका चहाला उकळी येईपर्यंत.
तेवढा वेळ पुरला.

बाहेर येऊन डोळे पुसले, तर ती हसली.
"कवेलूचं घर होतं तवा
धूर वरून निंघे बाप्पा, फटीफटीतून.
सकाळी दुरून पाहाल
तं पुरं छप्पर दम टाकत राहे.
पाणी गये, पन छाती नव्हती भरत.
तू स्लॅब टाकला, पाणी बंद केलं,
आन् मले धुरासंगं आत ठेवलं."
भाजीत मीठ कमी आहे हे सांगतात,
त्या आवाजात.

चुलीच्या वर, छताखाली वीतभर, छिन्नी लावली.
माझंच सिमेंट.
एकास सहा सांगून एकास आठ कालवलेलं,
म्हणून वीट लवकर निघाली.
उजेडाची पट्टी आत पडली
आणि धूर दिसला त्यात,
गाभण म्हशीसारखा, जागचा न हलणारा.

मी अवजारं आवरायला लागलो.
"थांब."
ढिगातून चिमूटभर कापूस ओढला तिने,
सरकी काढली, बोटांवर पिंजला,
भोकासमोर धरला.
पुंजका आत वळला. तिच्याकडे.
"पाय. हवा तं इथूनच आत येऊन राह्यली.
मंग धूर कुठून जाईन?
एकाच दारातून येनं अन् जानं,
धक्काबुक्की नाई होनार?"

तीस वर्षं भिंती उभ्या केल्या मी,
ओळंब्याचा दोरा केसभर ढळू न देता.
हवा कुठून येते, कुठे अडते,
हे मला कोणी विचारलं नव्हतं.

दुसरी वीट खालून काढली,
न्हाणीच्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर.
शेजारचा गुणवंता कुंपणावरून ओरडला,
मुंगवड्यांवर धूर येऊन राह्यला म्हणून.
"येऊ दे," ती म्हणाली,
"पऱ्हाटी तुह्याच वावरातली हाय."

औषधाचे डबे तिने त्याच दुपारी
बाहेरच्या कोठ्यात नेले, कुलूप घातलं.
कापूस मात्र जागच्या जागी.
त्याचं तिच्या हाती नव्हतं, माझ्याही नाही.
मोनी आता पाठ खाजवत होती, भिंतीला घासून.

पुन्हा पुंजका.
खालच्या भोकाशी धरला, आत वळला.
वरच्याशी धरला.
थरथरला, थोडा वेळ त्याचं ठरेना,
मग बोटांतून सुटून बाहेर गेला,
गुणवंताच्या वड्यांवरून, पुढे कुठेतरी.

मजुरी तिने दिली, मी घेतली.

एकवीस घरं उरलीत. आणि माझं.
पिशवीत थापी, छिन्नी, ओळंबा,
काडेपेटीत सरकी काढलेला कापूस.
परवा रात्री बायको भाकरी थापत होती,
तिच्या मागे उभा राहून
धरून पाहिला.

हलला नाही.