झटकू नका

नारिनमध्ये जानेवारीत
पाणी आधी नळात मरतं, मग नदीत.
प्रसूती विभागाचा पाइप पहाटे तीनला फुटला
आणि जिन्यावरच गोठून बसला,
पायरी-पायरीने.

माझं काम मोजण्याचं.
दाराआड खुर्ची, गुडघ्यावर वही.
बाळाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर,
नाळेला, सलाइनला, खाटेच्या कठड्याला;
हात धुतले तर बरोबरची खूण, नाहीतर कोरी चौकट.
मी दिसले की नर्सेस धुतात.
मी चहाला उठले की धूत नाहीत.
हेही मला ठाऊक आहे, पण त्याला चौकट नाही.

डॉक्टर जोमार्त यांची ओळ कोरी.
अर्धं गाव त्यांच्या तळहातांवर पहिल्यांदा रडलंय.
त्यांना मी काय सांगणार?
आमच्यात मोठ्यांना सांगत नाहीत,
मोठ्यांचं ऐकतात,
आणि वहीत जागा सोडून देतात.

चार नंबरच्या खाटेवरचं बाळ
सहाव्या दिवशी तापलं.
आठव्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद आला, उशिरा.
बाळाला अजून नाव नव्हतं.
जंतूला होतं. दोन शब्दांचं, लॅटिन.

कुणाच्या हातून आला, कसा आला?
बैठकीत सगळ्यांनी हात वर केले.
सगळ्यांचे कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी बुरुलकान आपा,
फरशी पुसणारी, एकाहत्तर वर्षांची,
घरून कुमगान घेऊन आली:
लांब चोचीची, पोचे पडलेली पितळी झारी.
पाहुणा जेवायला बसण्याआधी
घरातलं सगळ्यात धाकटं माणूस
ही झारी घेऊन समोर उभं राहतं,
खाली तसराळं, खांद्यावर फडकं.
तिथे नको म्हणता येत नाही.

वॉर्डच्या दारात ती आडवी उभी.
चुलीवर कोमट केलेलं पाणी,
कपड्यांच्या तपकिरी साबणाची अर्धी वडी.
"काय आपा, मेंढी कापलीय का आज?"
डॉक्टर हसले.
"हात," ती म्हणाली.

हसणं तिथेच थांबलं.
सगळं उलटं झालं होतं ना,
थोरली ओतत होती आणि धाकटा हात पुढे करत होता.
कान लाल झाले त्यांचे.
बेचक्या. अंगठे. नखांच्या कडा.
मी वीसपर्यंत मोजलं. ती आकडे मोजत नव्हती,
नातवंडांची नावं घेत होती ओठांत,
सावकाश, आठही.

सवयीने त्यांनी हात उचलले.
"झटकू नका."

ओले हात झटकले की घरची बरकत उडते,
इतकंच आम्हाला लहानपणी सांगितलेलं.
आपाने तेही सांगितलं नाही.
चार नंबरच्या खाटेकडे पाहिलंसुद्धा नाही.
डॉक्टर तसेच उभे, हात पुढे,
कुणीतरी काहीतरी देईल म्हणून थांबल्यासारखे,
आणि तसराळ्यात
थेंब.

मग तिने फडकं दिलं,
उकळलेलं, इस्त्री केलेलं, हातरुमालाएवढं.
प्रत्येकाला वेगळं. पिशवीभर आणली होती.

मार्चमध्ये पाइप बदलला.
भिंतीवर जेलच्या बाटल्या आल्या, त्यांचा दाब कडक.
डॉक्टर अजूनही विसरतात, पाचांत एकदा.
मी चौकट कोरी ठेवते, आणि हल्ली
मोठ्याने खोकते.

पण त्या सकाळी झारी संपत आली तेव्हा
ते म्हणाले, "आणा इकडे,"
आणि तिच्या हातातून काढून घेतली.
आपा मागे सरली. नको, नको.
ब्लीचने सोललेले हात पदरासारखे एप्रनखाली लपवले,
भेगांत मेंढीच्या शेपटीची चरबी भरलेली.
शेवटी धरले तिने, पाण्याखाली,
डोळे दुसरीकडे वळवून.

वहीत डॉक्टर, नर्स, विद्यार्थी, एवढेच रकाने.
मी समासात खूण केली.
तिच्या कोपरावरून एक थेंब आला, शाई फुटली.

मे महिन्यात बिश्केकहून तपासनीस आला.
त्या पानावर बोट ठेवून म्हणाला,
हा डाग कसला?

पाण्याचा, मी म्हटलं.