घरी कोणी नव्हते

बाबा घंटी वाजवायच्या आधीच चिठ्ठी लिहून ठेवायचे :
'घरी कोणी नव्हते. रजिस्टर पत्र पोस्टातून न्यावे.'
मग घंटी.
दार उघडलं, तर चिठ्ठी फाडून डाव्या खिशात.
नाही उघडलं, तर फटीतून आत
आणि सायकलवर टांग.

एकोणतीस वर्षं, गेंटच्या त्याच सतरा गल्ल्या.
कुणाची रात्रपाळी, कोण बहिणीकडे गेलंय,
कुणाला ऐकू येत नाही पण कुत्र्याला येतं,
सगळं त्यांच्या बोटांना ठाऊक.
चाळिसात तीन वेळा चुकायचो, म्हणतात अजून,
आणि तो आकडा सांगताना ताठ बसतात.

हे मला आठवलं
प्राध्यापक व्हर्मासन फळ्यावर दोन फाटे काढत होत्या तेव्हा.
'प्रोसेसर थांबत नाही,' त्या म्हणाल्या,
'उत्तर यायच्या आतच एक वाट धरून निघतो.
चुकला, तर केलेलं सगळं पुसून मागे येतो.
बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही.'
मी वहीत लिहिलं : बाबा.
शेजारच्या वानेसला वाटलं, हे कसलंसं लघुरूप असावं.
त्यानेही उतरवून घेतलं.

तिसरं वर्ष आहे आता.
चिपचा एक सेकंद चालवून पाहायला
आमच्या सिम्युलेटरला चार दिवस लागतात.
चार दिवस मी त्या सेकंदाच्या बाहेर बसून असते,
मशीनमधलं टोमॅटो सूप पिते
(कॉफीचं बटण दाबलं तरी सूपच येतं),
खाली कालव्यावरचा पूल वर उचलला जातो,
सायकलवाले एक पाय टेकवून ताटकळतात,
वाळूने भरलेली नाव सावकाश जाते.
इतकं साधं थांबणं
आमच्या क्षेत्रात पराभव समजतात.

आणि मग ते दुसरे पेपर वाचले,
चोरीचे.
पुसलेलं पुसलं जात नाही म्हणे.
चुकलेल्या वाटेवर उचललेली वस्तू
हाताशीच पडून राहते, कोमट.
आत डोकवायचीही गरज नाही.
दारात उभं राहून फक्त वेळ मोजायचा :
काय लवकर सापडलं,
कशाला उशीर झाला.
उशीर बोलतो.

शनिवारी धुण्याआधी आई खिसे उलटे करायची.
डाव्या खिशातले कपटे टेबलावर मांडून बसायची,
घर क्रमांक जुळवायची, कोडं सोडवल्यासारखी.
त्यात काही नसायचं.
बाबा मंगळवारी मात्र वीस मिनिटं उशिरा यायचे.
मंगळवारी टपाल सगळ्यात कमी.
तिने विचारलेलं मला आठवत नाही.
मंगळवारी ती बटाटे उशिरा चढवायची, एवढंच,
आणि ते कधी गाळ झाले नाहीत,
कधी कच्चे राहिले नाहीत.

मागच्या रविवारी बाबांना मी माझा प्रबंध
त्यांच्याच चिठ्ठीवरून समजावला.
खूप हसले. मग म्हणाले,
'दार उघडायचं ना, तेव्हा वाईट वाटायचं.
समोर माणूस उभा
आणि माझ्या हातात लिहिलेलं, की तो नाही.'
हे माझ्या संदर्भसूचीत कुठे बसवू?
मला वेळ मोजता येतो, अब्जांश सेकंदापर्यंत.
रीत माहीत आहे. नमुने पुरेसे आहेत.
मी मंगळवारांबद्दल विचारलं नाही.
आई भांडी पुसत होती,
तेच ताट दोनदा.

आज सिम्युलेटर अर्ध्यातच कोसळला.
वानेस शिव्या घालत घरी गेला.
खिडकीत पूल खाली येताना दिसत होता
आणि मी उगाच घरी फोन लावला.
चौथ्या घंटीला आईने उचलला.

'बाबा?'
'यायचेत अजून,' ती म्हणाली.
त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं
आणि मग पाहायचं थांबले.
'बटाटे,' आई म्हणाली,
'आत्ताच चढवलेत.'