बाहीवरची शाई
(नावू, इलिनॉय, जून १८४४)

दिवेलागणीनंतर एलाम घरी आला.
सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या,
अंगाला जवसाच्या तेलाचा वास.
म्हणाला, "झालं एकदाचं. नगरसभेचा ठरावच होता, केझाया,
उपद्रव हटवला आम्ही."
मग पावावर लोणी फासून खाल्लं.

उपद्रव म्हणजे घणाने फोडलेलं यंत्र,
रस्त्यात उपड्या केलेल्या खिळ्यांच्या पेट्या,
एकच अंक निघालेलं वर्तमानपत्र.
दुसऱ्या अंकासाठी जुळवलेल्या मजकुरात
बारा ओळी माझ्या होत्या.
हे त्याला ठाऊक नाही.

मला लिहिता येत नाही. मी सांगितलं,
छापखान्यातल्या थर्लोने लिहून घेतलं, खाली मी फुली मारली:
की माझी धाकटी तिर्झा फेब्रुवारीत
एका एल्डरच्या घरी शिवणकामाला गेली,
की ज्याच्या बायकोचे झगे ती शिवत होती
त्याच्याशीच बंद दाराआड तिचं लग्न लागलं.
रविवारी झाडांखालच्या सभेत तोच उभा राहिला,
म्हणाला, असलं काही इथे होत नाही,
म्हणेल त्याची जीभ झडो.
आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं.
तिर्झानेही.

थर्लोने एकदा खिळे दाखवले होते.
सगळी अक्षरं उलटी.
"उलटं जुळवलं तरच सरळ छापतं, बाई."
मी म्हटलं, मग मला सवय आहे.

पहाटे सदरा भिजत घातला.
राखेचं पाणी, साबण, शेवटी ताक.
शाई हटेना.
बादली घेऊन रस्त्याकडे गेले.
चिखलात पोरं खिळे वेचत होती,
कोंबड्या दाणे समजून टोचत होत्या.
मी फुली शोधत होते,
तेवढं एकच अक्षर मला ओळखता येतं.
सापडली नाही.
हाताला लागलं काहीतरी बारीक,
बेडकाच्या पिल्लासारखं, शेपटीचं.

थर्लो होडीच्या घाटावर, गाठोडं बांधून.
त्याने खिळा उजेडात धरला.
"हे अक्षर नाही.
वाचताना इथे जरा थांबतात,
मग पुढचं बोलतात."
एवढं सांगून नदीपलीकडे गेला.

एलाम दारात उभा. "डाग जात नाही का?"
खिळा मी गालात ठेवलाय,
जिभेवर शिशाची चव.
"जाईल," म्हणते,
"जरा थांब."