कारणांचा रकाना

शाळेची सरासरी एक्केचाळीस.
तालुक्याची अठ्ठावन्न.
मधल्या सतरा गुणांचं कारण
पन्नास शब्दांत लिहायचं आहे मला,
शुक्रवारी पाचच्या आत वाळपईला पोचेल असं.

मुख्याध्यापक म्हणाले, नाटेकरबाई,
तुमचं मराठी चांगलं, तुम्हीच लिहा.
मी गणित शिकवते. पण असो.

लिहिलं : त्या सकाळी कदंबा बस
गव्यांचा कळप रस्त्यात उभा राहिला म्हणून
पंचवीस मिनिटं अडली.
मग खोडलं. गवे रोजच येतात,
त्यांना सरासरीत कशाला ओढा.

लिहिलं : उताऱ्यात सरकता जिना होता.
लक्षिता झोरेनं हात वर करून विचारलं,
"जिनो सरकलो तर मनीस पडना, बाई?"
पर्यवेक्षक परक्या शाळेचे. त्यांनी नुसतं बोट दाखवलं,
खाली बघ.
ती खाली बघत राहिली.
तिच्या धनगरवाड्यावरून उतरताना
दगडाच्या एकशे बारा पायऱ्या लागतात,
तिनंच मोजल्यात.
त्यातली एकही कधी हललेली नाही.

तेविसावा प्रश्न : काजूचा कोणता भाग आपण खातो?
सातवीतल्या यशंत माजीकनं 'अ' रंगवला : बी.
मग 'क' पण रंगवला : फुगलेला देठ,
म्हणजे आमचा बोंडू.
दोन्ही गोल काळेभोर, रेषेबाहेर ठिपका नाही.
यंत्र म्हणालं, शून्य.
यशंत मार्च लागला की काळोखात उठतो,
बापामागून डोंगरभर बोंडू वेचतो,
बी पिरगळून वेगळी काढतो,
आणि प्रार्थनेला उभा राहतो तेव्हा
सदऱ्यावर न जाणारे डाग असतात.
मी म्हटलं, अरे, एकच रंगवायचा होता ना?
"मगे बोंडू कोण खाता, बाई?"

हे पन्नासाच्या वर गेलं.

शिवाय वाचणाऱ्याला वाटेल
मुलं शहाणी, प्रश्नच खुळे.
तसं नाही.
यशंतला भागाकार येत नाही.
दोन आकड्यांनी भाग म्हटलं
की तो खिडकीबाहेर जातो.
सावळो गावस सातवीत येऊनही
'स्वातंत्र्य' शब्दापाशी थांबतो, थुंकी गिळतो, पुढे सरकतो.
नोव्हेंबरात भागाकाराचे चार तास होते.
दोन मतदार याद्यांनी खाल्ले, ती सक्ती.
उरलेले दोन मी खाल्ले.
अर्धी रजा टाकून म्हापशाला गेले होते,
माझ्या मुलाला खाजगी वर्गाला सोडायला.
तिथे एसी आहे. तिथे
गोल कसा रंगवायचा याचा वेगळा तास असतो.
त्याचे एक्क्याण्णव आले. मी पेढे वाटले,
इथेच, स्टाफरूममध्ये.

यासाठी रकाना नाही.

शुक्रवार, पावणेपाच. लिहिलं :
"विद्यार्थ्यांची अनुपस्थिती व भौगोलिक अडचणी. उपाययोजना सुरू आहे."
आठ शब्द. बेचाळीस शिल्लक.
त्या दिवशी एकही मूल गैरहजर नव्हतं.
तापानं फणफणलेली सुलक्षासुद्धा
कानटोपी घालून शेवटच्या बाकावर होती.
सही केली. शिक्का मुख्याध्यापकांनी मारला.

शनिवारी यशंतला सांगून टोपलीभर बोंडू आणवले.
सत्त्याऐंशी. वर्गात मुलं बारा.
वाट, म्हटलं.
त्यानं पाटीला हात लावला नाही.
एकेक बोंडू ठेवत बाकांमधून फिरला,
सात फेऱ्या, घाई न करता,
आणि टोपली घेऊन माझ्यापुढे आला.
"तीन उरले."
त्याला काय म्हणतात?
त्यानं टोपलीत पुन्हा पाहिलं.
"उरले म्हणतात, बाई."

फळ्याकडे वळून मी मोठ्या अक्षरात लिहिलं : बाकी.
तोवर त्यानं तिघांतला एक, पिकून फुटायला आलेला,
माझ्या टेबलावर आणून ठेवला होता.
रस हजेरीपटावर ओघळला.
पुसला. पुसून
पसरला.